म्हैसूरचे पास

मुरूड तालुका
९ एप्रिल

प्रिय रचना,

पाच वर्षांनी तुला हाक मारतोय, तीही कागदावर. पत्ता प्राचीनं दिला. एका चिठ्ठीवर लिहून तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि निघून गेली. तुझ्या काकाची ही मुलगी लहानपणी मला घाबरून दाराआड उभी राहायची. आता मीच तिच्या नजरेला नजर देत नाही. का, ते पुढे येईल. तुझी आई शिमग्याच्या आदल्या आठवड्यात गेली, हे तुला त्याच दिवशी कळलं होतं, ते मला ठाऊक आहे. तू आली नाहीस. गावात लोकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, लांब असते ती. त्यापेक्षा जास्त कोणाला सांगितलं नाही. तुला मात्र सगळं सांगायचं आहे, आणि ते मला क्रमानंच सांगता येईल. मुरूड आगारात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीत काढली. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, एवढंच मला नीट मांडता येतं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी आईची साखर वाढली ती आटोक्यात आलीच नाही. आधी डोळे गेले. पूर्ण नाही, पण माणूस हातभर अंतरावर आला तरच कोण ते कळायचं, आणि त्यापलीकडे फक्त उजेड आणि सावली. तरी भाकऱ्या स्वतःच थापायची. तव्याच्या धगीवरून तिला कळायचं कधी उलटायची ते. मग मूत्रपिंडं गेली. सोमवार आणि गुरुवार असे दोन दिवस अलिबागला डायलिसिस सुरू झालं. सकाळच्या पहिल्या एसटीनं जायचं, चार तास ती पलंगावर, मी बाहेरच्या बाकावर, आणि दुपारच्या गाडीनं परत. दीड वर्ष आम्ही हे केलं. येताना ती इतकी थकलेली असायची की माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही असेच अलिबागहून परत येत होतो. मुरूडच्या अलीकडे गाडी चढ चढायला लागली तशी ती जागी झाली आणि म्हणाली, “नबाबाचा राजवाडा आला ना?” चढावरून तिला कळायचं. मी म्हटलं, आला. तर म्हणते, “आख्खा जलम ह्यो राजवाडा भायरनंच बगितला. आत कोनाला सोडत न्हाईत. मरायच्या आदी येक तरी राजवाडा आतनं बगू द्या मला.” मी हसलो. म्हटलं, आता तुला दिसणार काय आहे? ती म्हणाली, “दिवं दिसतील की. प्राची सांगत व्हती, म्हैसूरच्या राजवाड्यावर रविवारी संध्याकाळी लाखभर दिवं लावतात. येवडं दिवं लावल्यावर मलासुदिक दिसतील.” त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तिचं हृदयही आता साथ देत नाही, पावसाळा पाहील असं वाटत नाही. ते तिला मी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, जाऊ.

तू म्हैसूरला राहतेस हे मला माहीत नव्हतं, रचना. बंगळूरला गेलात एवढंच पहिल्या वर्षी कोणीतरी माझ्या कानावर घातलं होतं, आणि पुढचं ऐकायला मी थांबलो नव्हतो. हे सांगतोय ते बचाव म्हणून नाही. क्रमात येतं म्हणून सांगतोय.

मग मी वेळापत्रक बांधायला बसलो. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी असं काम मिळालं होतं आणि खरं सांगू, मला हुरूप आला होता. अडचण अशी की तिला तीन-चार दिवसांपेक्षा जास्त डायलिसिसशिवाय ठेवता येत नव्हतं, आणि राजवाड्यावर रविवारीच पोचायचं होतं. गुरुवारी अलिबागला डायलिसिस. शुक्रवारी दुपारी पनवेलहून मंगळूरची गाडी. शनिवारी पहाटे मंगळूर, तिथं दिवसा एका केंद्रात डायलिसिस, डॉक्टरांचं पत्र घेऊन, फोनवर तीनदा बोलून ठरवलेलं. शनिवारी रात्री म्हैसूरची गाडी, रविवारी सकाळी म्हैसूर. सोमवारी परत मंगळूर, मंगळवारी सकाळी पनवेल आणि पनवेलहून घरी न जाता थेट अलिबाग. एक गाडी चुकली तर सगळं कोसळणार, म्हणून प्रत्येक टप्प्याला दुसरी गाडी शोधून ठेवली. तिला दोन्हीकडे खालचा बर्थ मिळेल अशीच तिकिटं काढायची होती. प्राची अलिबागला सेतू केंद्रात कामाला आहे, तिनं आरक्षण उघडल्याच्या सकाळी तिकिटं काढून दिली. राजवाड्याचे पासही तिनंच मोबाईलवर काढले आणि छापून माझ्या हातात दिले. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले.

तुझ्या आईला सगळं पाठ झालं होतं. तिचा हट्ट एकच, रविवारी सकाळी बरोबर दहाला राजवाड्याच्या दक्षिणेकडच्या दरवाज्यावर पोचायचं. मी म्हणायचो, अगं, दिवे संध्याकाळी लागतात, दुपारी गेलो तरी चालेल, तू लॉजवर आराम कर. ती ऐकायची नाही. “न्हाय. धाला म्हंजी धाला. दक्षिनंचाच दरवाजा. तुमी इसरू नका.” निघायच्या आदल्या दिवशी तिनं नारळाच्या वड्या केल्या. तिला साखर वर्ज्य, मी गोड खात नाही. मी विचारलं, कोणासाठी? म्हणाली, “वाटंत कोन भेटंल त्याला द्यायला.” एकतीस वर्षं मी हजारो गाड्यांची ये-जा लावली, आणि माझ्या डोळ्यांसमोर काय लागतंय ते मला कळलं नाही.

इथं अब्दुस्समदबद्दल लिहायला हवं, कारण वेळापत्रक मांडताना तो रोज आठवत होता. तुझा सासरा म्हणून नाही. तू आणि झियान जन्मालाही आला नव्हतात तेव्हापासून तो माझा ड्रायव्हर होता. वादळात रेवदंड्याचा रस्ता बंद असताना गाडी कुठून काढायची ते मी त्याला विचारायचो, आणि नवा साहेब कावला की तो माझ्या टेबलाशी येऊन बसायचा. ईदला त्याच्याकडचा शिरखुर्मा तू डब्याला बोट लावून खायचीस. तुम्ही दोघांनी अलिबागला जाऊन लग्न नोंदवलंत, त्या संध्याकाळी तो आपल्या अंगणात आला. चप्पल बाहेर काढून उभा राहिला आणि म्हणाला, “रावजी, पोरांनी विचारलं नाही, ना तुला ना मला. माझ्याही घरात रडारड आहे. पण आता आपण दोघांनी काय करायचं ते बसून ठरवू.” मी त्याला बस म्हटलं नाही. जे बोललो ते इथं लिहीत नाही. ते त्याच्या धर्माबद्दल होतं, त्याच्या मेलेल्या आईबद्दल होतं, आणि सगळी वाडी ऐकत होती. तो चपला हातात घेऊनच गेला. आत येऊन मी तुझ्या आईला सांगितलं, या घरात तिचं नाव निघालं तर मी घर सोडून जाईन आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही. पाच वर्षं तिनं माझ्यासमोर तुझं नाव काढलं नाही. मला वाटलं, तिला माझं पटलं.

प्रवास चांगला झाला. गाडीत ती खिडकीशी बसली आणि बोगदा आला की उजेड गेला, बोगदा संपला की उजेड आला, असं लहान मुलासारखं सांगत राहिली. मंगळूरच्या केंद्रातल्या नर्सला मराठी येत नव्हतं, आईला कानडी येत नव्हतं, तरी चार तासांत दोघींचं गूळपीठ झालं. म्हैसूरला लॉजवर उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. तिनं आंघोळ केली, जांभळी साडी नेसली आणि माझ्या हातात फणी दिली. “येनी घाला. मला मागचं न्हाय जमत.” मी आयुष्यात पहिल्यांदा तिची वेणी घातली. वाकडी झाली. तिनं हात फिरवून पाहिलं, हसली, आणि स्वतः कुंकू लावून विचारलं, “सरळ लागलं ना? नीट बगून सांगा.” मी म्हटलं, राजा तुला बघायला थांबलाय की काय? पावणेदहाला आम्ही रिक्षात बसलो.

दरवाज्यापाशी काय झालं ते आत्ताच लिहिलं तर पुढचं लिहवणार नाही. ते नंतर. आत चाकांची खुर्ची मिळाली. चपला बाहेर काढून ठेवल्या. मी तिला ढकलत नेत होतो आणि दिसेल ते सांगत होतो. छताला रंगीत काचा आहेत, त्यात मोर आहेत. खांब निळसर, सोन्याची नक्षी. एक दरवाजा चांदीचा. तिनं एका खांबाला हात लावला आणि हात तिथंच ठेवून बसली. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. कुठं बायकांचा आवाज आला, कुठं लहान मूल बोललं की ती मान वळवायची आणि म्हणायची, “जरा थांबा हितं.” मोठ्या दालनात कोल्हापूरकडची माणसं होती. त्यांच्यातली एक तरुण बाई मराठीत कोणाला तरी हाक मारत होती. तुझ्या आईनं खुर्चीचे दोन्ही हात धरून उठायचा प्रयत्न केला. मी तिला बसवलं. ती बाई पुढे निघून गेली, आवाज लांब गेला, आणि मग संध्याकाळपर्यंत तुझ्या आईनं कुठल्याच आवाजाकडे मान वळवली नाही.

परतीच्या गाडीत तिनं वड्यांचा डबा काढला आणि समोरच्या बाकावर एक कुटुंब होतं, त्यांच्या दोन मुलांना सगळ्या वड्या देऊन टाकल्या. डबा रुमालानं पुसून पुन्हा पिशवीत ठेवला. मंगळवारी अलिबागला पोचलो तेव्हा तिचा रक्तदाब इतका खाली गेला होता की डॉक्टर मला रागावले. त्यानंतर ती सावरली नाही. जानेवारी संपता संपता भाकऱ्या थापणं बंद झालं. फेब्रुवारीत दोनदा अलिबागच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. दुसऱ्या खेपेला तिनंच घरी न्यायला सांगितलं. सुया नकोत म्हणाली. घरी आणल्यावर ती नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी सकाळी मी पेजेचा वाडगा घेऊन आत गेलो तेव्हा तिचं तोंड भिंतीकडे होतं. मला वाटलं झोपली आहे. वाडगा ठेवून मी बाहेर येऊन बसलो, पेज गार व्हायला. बराच वेळ बसलो.

त्या दिवशी अब्दुस्समद आला होता. अंगणात पाऊल टाकलं नाही त्यानं. रस्त्याच्या कडेला सकाळपासून उभा होता. उन्हं चढली तसं कोणीतरी त्याला पाणी नेऊन दिलं. आम्ही तिरडी उचलली तेव्हा तो पन्नास पावलं मागून नदीपर्यंत आला आणि तिथंही पन्नास पावलं लांब उभा राहिला. मी त्याला पाहिलं. हात वर करून बोलावता आलं असतं. नाही बोलावलं.

तेराव्याला सगळी पांगल्यावर प्राची मागच्या पडवीत भांडी आवरत होती. मी तिथं गेलो तर माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, “काका, एक विचारू? काकीनं म्हैसूरला रचनाताईला बघून तोंड फिरवलं होतं ना? तुम्हीच मला सांगितलं होतंत.” मी हो म्हटलं. तेव्हा ती वळली. “मग जायच्या दोन दिवस आधी काकी मला असं का म्हणाली? माझा हात धरून म्हणाली, ‘पोर न्हाय आली गं. मी लई वाट बगितली. तिला सांग, माझा राग न्हाय.’ ज्या बाईनं तोंड फिरवलं, ती असं म्हणेल, काका?” तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. “काकीला तर हातभर अंतरापलीकडचं दिसत नव्हतं. तिनं ताईला बघितलं कसं? हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मूर्ख.” आणि ती तिथंच ओट्यावर बसून रडायला लागली. मला बसायला जागा नव्हती, की मला बसायचं नव्हतं, आठवत नाही.

आता दरवाज्याचं लिहितो. तुझ्या बाजूनं तुला ते माहीतच आहे. माझ्या बाजूनं असं. रिक्षा दक्षिणेच्या दरवाज्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे थांबली. दहाला पाच मिनिटं होती. तुझी आई माझा दंड धरून म्हणाली, “अवो, दरवाज्यापाशी कोन कोन उबं हाय ते सांगा ना मला.” मी बघितलं आणि पहिल्या नजरेतच तू दिसलीस. हिरवा कुर्ता होता. तू येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडे मान उंचावून पाहत होतीस. शेजारी झियान, त्याच्या हातात चाकांची घडीची खुर्ची, आणि त्या खुर्चीत एक छोटी मुलगी बसून पाय हलवत होती. तुम्ही आईसाठी खुर्चीसुद्धा आणली होती. त्या एका क्षणात मला सगळं कळलं. म्हैसूरच का, रविवारच का, दहाच का, वड्या कोणासाठी. पुढं प्राचीनं सांगितलं, की तुमचे तिघांचे पास आईनंच तिच्याकडून काढून तुला पाठवायला लावले होते, आणि म्हणाली होती, “चार लोकांत हे वरडनार न्हाईत.” माझ्या स्वभावाचं एवढं नेमकं गणित तिनं केलं होतं, आणि ते चुकलं नव्हतं. मी ओरडलो नाही.

मला काय वाटलं ते खरं लिहितो. मला राग आला, पण तुझा नाही. मला लाज वाटली. डोळे गेलेल्या माझ्या बायकोनं, मी इतक्या हौसेनं बांधलेल्या वेळापत्रकात मलाच सामान म्हणून चढवलं होतं. प्राचीला ठाऊक, तुला ठाऊक, त्या झियानला ठाऊक, फक्त मला नाही. तिनं पुन्हा विचारलं, “कोन हाय का?” मी म्हणालो, “शाळेची पोरं आहेत सहलीची. बाकी कोणी नाही.” मग म्हणालो, “इथं लई गर्दी आहे, आपण दुसऱ्या बाजूनं जाऊ.” ती “न्हाय, थोडं थांबा” म्हणत होती, पण मी रिक्षावाल्याला हातानं पुढे जायची खूण केली. दुसऱ्या दरवाज्यावरच्या माणसाला आजारी बाई आहे म्हणून विनवलं, त्यानं सोडलं. तुझ्या आईचा फोन माझ्याच खिशात असायचा, तिला बटणं दिसत नसत. तो वाजायला लागला. मी खिशातल्या खिशात बंद केला. तिनं विचारलं, “कोनाचा व्हता?” मी म्हटलं, कंपनीचा.

संध्याकाळी अंगणात लोक दिव्यांची वाट बघत बसले होते. तिची खुर्ची मी एका कडेला लावली. सात वाजता एकदम सगळे दिवे लागले, लोक ओरडले, आणि तुझ्या आईनं दोन्ही हात डोळ्यांवर धरले, मग काढले. “दिसलं,” म्हणाली, “पिवळं पिवळं दिसलं.” आणि मग समोर तोंड ठेवूनच तिनं मला सांगितलं, “मी तिला बोलावलं व्हतं. तुमाला फसवलं मी. पर ती न्हाय आली. तिचं बरूबर हाय, पाच वर्सं आपन तिला मेली म्हनून धरलं, ती कशाला यील?” ती हे बोलत होती तेव्हा, रचना, गर्दीच्या डोक्यांवरून मला झियानच्या खांद्यावर बसलेली तुझी मुलगी दिसत होती. दिव्यांकडे बघून टाळ्या वाजवत होती. फार तर तीस पावलं. तू कुठेतरी तिथंच खाली असणार. सकाळी माझ्याकडे रागाचं निमित्त होतं. संध्याकाळी तेही नव्हतं. बायको रडत होती, तिनं कबूल केलं होतं, मी एक हाक मारली असती तर संपलं असतं. पण हाक मारली असती तर सकाळचं खोटं उघडं पडलं असतं. मी म्हणालो, गारवा सुटलाय, चल. आणि खुर्ची वळवली.

आठवड्यानं तू प्राचीला फोन केलास. ती अलिबागच्या डायलिसिसच्या खोलीबाहेर मला विचारायला आली, काय झालं म्हणून. आई आत होती. मी म्हणालो, “तुझ्या काकीनं लांबूनच तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला म्हणाली, इथून चला. तिच्याशी हा विषय काढू नकोस, तिला त्रास होईल.” प्राचीनं ते तुला कळवलं. त्यानंतर मी त्या दोघींना एकटं सोडलं नाही. प्राची आली की मी खोलीत बसून राहायचो. तुझी आई काहीतरी विचारायला तोंड उघडायची, माझी चाहूल घ्यायची आणि मिटायची. शेवटच्या आठवड्यात मी औषधं आणायला मुरूडला गेलो होतो, तेवढ्या तासाभरात ती प्राचीशी बोलली.

आई गेली त्या दिवशी प्राचीनं तुला फोन केला, तेव्हा तू म्हणालीस, “जिनं जिवंतपणी माझं तोंड बघितलं नाही, तिच्या तोंडात पाणी घालायला मी कशी येऊ?” हे तिनं मला तेराव्याच्या दिवशी, त्या ओट्यावर बसून सांगितलं. ती म्हणाली, मी ताईला सांगू शकते, पण तुम्ही सांगायला हवं. त्याला आता तीन आठवडे झाले. तेवढे दिवस मला हे पत्र लिहायला लागले. तुझं ते एक वाक्य खोटं आहे एवढंच मला सांगायचं होतं. तुझ्या आईनं तुझ्याकडे तोंड फिरवलं नाही. तुला हात लावून बघता यावं म्हणून ती मरायला टेकलेल्या शरीरानं दोन गाड्या आणि सुया सोसत म्हैसूरपर्यंत आली होती, आणि तू आली नाहीस असं समजून गेली. जाताना तिच्या मनात तुझा राग नव्हता. हे सगळं तुझ्याकडून आणि तिच्याकडून मी काढून घेतलं, आणि त्यातलं काहीच आता परत देता येत नाही. तू ये असं मी म्हणत नाही. आलीस तर दार उघडं आहे, नाही आलीस तर मी समजेन. उद्या मी अब्दुस्समदच्या घरी जाणार आहे. तो दारात उभं करील की नाही, माहीत नाही. तुझ्या मुलीचं नाव हफ्सा आहे, हे मला प्राचीनं सांगितलं. मोठी झाल्यावर ती आजीबद्दल विचारेल. तिला सांग, आजी तुला भेटायला इतक्या लांब आली होती, आजोबानं भेटू दिलं नाही. माझी लाज राखायला तिला दुसरं काही सांगू नकोस.

लायक नसूनही तुझाच,
बाबा